पाठवलेली आणि निवडलेली

मी, स्तोइना क्रस्तेवा, वय वर्षे सत्त्याहत्तर, राहणार गोर्नी व्रेल, रोदोपी डोंगर, बल्गेरिया. डोके ताळ्यावर आहे. कुणाच्या दबावाने वा भिडेने नव्हे, स्वखुशीने व स्वहस्ते हे मृत्युपत्र करीत आहे. यापूर्वी केलेले रद्द समजावे.

१. राहते घर, अंगण व द्राक्षांचा मांडव माझा भाचा प्लामेन यास द्यावा. कम्युनिस्ट पक्षाने मला दिलेले पदकही त्यानेच ठेवावे, मात्र ग्रामकचेरीत टांगू नये. "आत्या, तुमच्या काळी शिस्त होती," असे तो चारचौघांत म्हणतो. शिस्त नव्हती, बाळा. लोक गप्प होते. तो फरक मला खुर्चीवर बसूनही कळत होता.

२. पाटाकडची सफरचंदांची बाग प्लामेनला मिळणार नाही. ती लाझारकाकांची नात झोर्नित्सा हिला द्यावी. तो रुसेल, म्हणून कारण लिहिते.

१९७४ साली जिल्ह्याच्या पक्षसमितीने मला गावाची अध्यक्ष नेमले. निवडणूक झाली, पण मतपत्रिकेवर नाव माझे एकटीचेच होते. त्या उन्हाळ्यात पाट आटला. पाणी आधी सामुदायिक शेताला, मग घरच्या वाफ्यांना, असा हुकूम मी फळ्यावर लावला. लोकांनी तो वाचला आणि लाझारकाकांकडे गेले. पाण्याच्या पाळ्या त्यांचे आजोबा लावत, मग वडील, मग ते. काका सांगतील तशीच पाटाच्या तोंडाची फळी उचलली जाई. मी जाब विचारायला गेले, तर त्यांनी आधी दह्याचे सूप पुढे ठेवले.

"पोरी, तुला पाठवलंय, निवडलेलं नाही," ते म्हणाले. "पाठवलेल्या माणसाला आम्ही जेवू घालतो. पाणी वाटायला देत नाही."

सूप मी संपवले, पण ते बोलणे पुढे कित्येक वर्षे घशात राहिले. जिल्ह्याला मात्र पाळ्या सुरळीत चालल्याचे कळवले. चालल्या होत्याच, फक्त माझ्या हुकमाने नव्हे.

३. कचेरीचा जुना भोंगा माळ्यावर आहे. तो व्हेन्त्सिस्लाव यास स्पेनमध्ये पोचवावा. राजवट पडली तेव्हा हा ट्रकचालक कारंज्याच्या कठड्यावर चढून असा बोलला की सारा चौक रडला. मीही रडले आणि मत त्यालाच दिले. कचेरीचा शिक्का मी त्याच्या हाती दिला. पण शिक्का घेऊन रोज सकाळी कचेरीत बसावे लागते, हे त्याला जमेना. पाट त्याने शहरातल्या एका मित्राच्या मत्स्यतळ्याकडे वळवला. लोक तरी बराच काळ त्याच्या बाजूनेच बोलत राहिले. मग दोन सख्खे भाऊ पाण्यावरून कुदळी घेऊन भिडले, एकाचा डोळा गेला, आणि व्हेन्त्सिस्लाव परदेशी निघून गेला. माझा राग नाही. आवाज त्याचा अजून चांगला असेल.

त्यानंतर लाझारकाका काठी टेकत माझ्या दारात आले. त्यांचे आता गावची पोरे ऐकत नव्हती.

"आता तू बस," म्हणाले.

"मला कोण पाठवतंय?"

"कुणी नाही. म्हणून तर आलो."

मी म्हटले, बसेन, पण मतपत्रिकेवर दोन नावे हवीत. माझ्याविरुद्ध कुणी उभे राहीना, तेव्हा ऐंशी ओलांडलेले काका स्वतः उभे राहिले. मतमोजणीला मी एकेक मतपत्रिका बोटांवर मोजत होते. एकटीचे नाव असताना असे कधी झाले नव्हते. थोडक्या मतांनी निवडून आले. काका म्हणाले, "मी मत मलाच दिलं. तुला फुकट कशी निवडून देऊ?"

दुसऱ्या सकाळी मी पाळ्या सांगितल्या आणि फळी उचलली गेली. काही लोक बागेत येऊन माझ्याशी भांडलेही. तसे पूर्वी कुणी भांडले नव्हते. हे सारे काकांमुळे मिळाले, म्हणून बाग त्यांच्या नातीला.

४. माझ्या दफनाच्या वेळी भाषण नको. आमच्या रीतीप्रमाणे उकडलेला गहू वाटावा, आणि ज्यांनी मला मत दिले नाही त्यांनाही बोलवावे.

५. आमच्या कायद्याने स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मी तरी दोघे बोलावले आहेत. त्यांना सारे वाचून दाखवले, आणि पटले तरच सही करा असे सांगितले. बागेचे कलम प्लामेनने पुन्हा एकदा वाचायला लावले. मग त्याने पेन मागितले.

स्थळ : गोर्नी व्रेल. दिनांक : ९ सप्टेंबर २०१९.

(सही) स्तोइना क्रस्तेवा
साक्षीदार : (सही) इल्का दोब्रेवा, शेजारीण
साक्षीदार : (सही) प्लामेन क्रस्तेव, भाचा