पोलादी गरुड आणि आमची तालीम

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. ९ फेब्रुवारी १९८८

तीर्थस्वरूप आकाराम दाजींच्या पायांवर मेहुणा केरबा याचा आखाड्याच्या मातीसकट नमस्कार.

इकडे माझी प्रकृती ठणठणीत आहे आणि तुमच्या वहिनीची, चिमणाबाईची, त्याहून ठणठणीत (आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो). ताईच्या गुडघ्यासाठी तालमीतलं तेल पाठवलं होतं, ते तिला मिळालं की तुम्हीच दंडाला चोळून संपवलंत? खरं काय ते कळवावं.

पत्रास कारण घडलं ते असं. गेल्या महिन्यात आमच्या तालमीला लागून असलेल्या पिठाच्या गिरणीशेजारच्या गाळ्यात माधव नावाच्या गृहस्थानं व्हिडिओ गेमचं मशिन आणून ठेवलं. लाकडी कपाटाला टीव्हीची काच बसवावी, असा प्रकार. आत पोलादी गरुड नावाचा वीर राहतो. तो चित्रकथांच्या पुस्तकातून आला म्हणतात. गच्च्यांवरून उड्या मारतो, किल्ल्या शोधतो, भुयारं उघडतो आणि शेवटी पुलावर काळनख्या नावाच्या दुष्टाशी भिडतो. (लंगोट विजारीवरून बांधतो. पण बांधतो, हे त्यातल्या त्यात बरं.) झालं, माझे सगळे पैलवान संध्याकाळी तिकडे! पंधरा दिवसांवर बिद्रीचं मैदान, त्यात आपल्या कृष्णातची कुस्ती ठरलेली, आणि गड्याचे अंगठे तेवढे तयार झालेले. मी एकटाच मातीत ताक आणि तेल कालवत बसायचो. वीस वर्षं वस्ताद आहे दाजी, पण रिकामा आखाडा बघून रडू आलं. तुमच्यापासून काय लपवायचं?

शेवटी एक दिवस उठलो तो मशिन फोडायलाच. माधव मात्र शांत. म्हणाला, "वस्ताद, फोडताय कशापायी? त्या काळनख्याला एकदा पाडून दावा की!" पोरं हसली. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "पाडला तर उद्यापास्नं समदी मातीत. कबूल?" सगळी ओरडली, "कबूल!" आता वस्तादाचा शब्द म्हणजे शब्द.

रीतीप्रमाणे आधी जमिनीला हात लावून कपाळाला लावला (गिरणीच्या शेजारामुळं कपाळ पांढरं झालं). पुलापर्यंत पोचायलाच तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मात्र काळनख्याला असा ठोसा हाणला की गडी पाठीवर! दोन्ही खांदे टेकलेले, आभाळ दिसलेलं, चीतपट! मी मशिनची दांडी सोडली, हात वर केला आणि जमलेल्या मंडळींना फिरून मुजरा केला. तेवढ्यात तो हरामखोर मागून उठला आणि गरुडाला उचलून नदीत टाकला. मी माधवला पंच म्हणून जाब विचारला, तर तो म्हणतो, "वस्ताद, पडल्यावर बी हाणत ऱ्हायाचं असतंय."

पडलेल्या गड्याला हाणायचं? आपल्या गुरूंनी हे शिकवलं होतं का? मी साफ नकार दिला. तेव्हापासून मी त्याला अकरा वेळा चीत केला आणि अकराही वेळा तो उठला. माझ्या लेखी अकरा कुस्त्या जिंकल्या, मशिन एकही धरत नाही. पण मी हटणारा नव्हे. तोड काढली आहे. त्याला पुलाच्या कडेला रेटत न्यायचं आणि तिथूनच फेकायचा, म्हणजे तो सरळ नदीत. पाण्यातून वर आलाच तर ती दुसरी कुस्ती समजायची. यात धर्मही राहतो आणि शब्दही. फक्त कडेला नेईपर्यंत गरुडाचा जीव पुरत नाही, त्याचा सराव चालू आहे.

ताईला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
केरबा वस्ताद

ता. क. : पोरं मातीत परत आली आहेत. शब्दामुळं नव्हे. मी सकाळपासून मशिन अडवून बसतो, त्यांना पाळीच मिळत नाही. कंटाळून गेली बिचारी तालमीत. काल कृष्णात गाळ्याच्या दारात येऊन म्हणाला, "वस्ताद, आमी समदी आलोय न्हवं, तुमी कवा येतायसा?" मला वर बघायला फुरसत नव्हती.

आणखी एक ता. क. : तेव्हा पत्र मिळताच पहिल्या एस.टी.नं निघा आणि बिद्रीच्या मैदानापर्यंत तालीम सांभाळा. कृष्णातला ढाकेचा डाव तुम्हीच शिकवा. तुमची ढाक माझ्यापेक्षा सरस होती, हे मी आयुष्यात पहिल्यांदा कबूल करतो आहे. यावरून माझी निकड ओळखावी.