बाबांचा राजा श्वास घेतो

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे कागदावरच घालतो आहे). तुझी, भावोजींची आणि तुमच्या त्या कुरकुरणाऱ्या स्कूटरची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. इकडे मी, बाबा आणि आपला सावल्यांचा खेळ असे तिघंही तग धरून आहोत.

बाबांचा हात थरथरतो हे तुला ठाऊक आहे. नाटक कंपनीत मात्र कोणाला पत्ता नव्हता, कारण बाबा पक्के बेरकी. गेली काही वर्षं त्यांनी वादळातलं झाड, समुद्र आणि मासा एवढ्याच बाहुल्या स्वतःकडे ठेवल्या होत्या. राजाची बाहुली मात्र सोडवेना, तेव्हा थरथर खपून जावी म्हणून त्यांनी राजाला ताप आणला. (गोष्टीत ताप कुठेच नाही. विचारलं तर म्हणाले, राजा काय माणूस नसतो?) मग आल्या नव्या दिग्दर्शकबाई, सिनेमा शिकून आलेल्या. त्यांनी कापडी पडद्यामागे कॅमेरा लावला. बाहुलीची सावली आता मागच्या अख्ख्या भिंतीवर दिसते आणि तिच्यापुढे हाडामांसाचे नट मुंगीएवढे. बाईंनी वादळ कापलं, समुद्र कापला, राजाचा तापही उतरवला. उरला एकच प्रसंग : मुलगा परत येणार नाही ही बातमी राजा ऐकतो आणि काहीच करत नाही. त्यावर क्लोजअप.

तालमीत राजाचा चेहरा भिंतभर उभा राहिला आणि त्याची दाढी थरथरायला लागली. आपण घरात ज्याचं नावही काढत नाही, ते एवढं मोठं होऊन चारचौघांत. बाबांनी कोपर कमरेला टेकवून पाहिलं, श्वास रोखून पाहिला, दाढी ऐकेना. आता बाई गोड बोलून त्यांना घरी बसवणार, असं मी धरून चाललो. तर बाई डोळे पुसत उठल्या आणि म्हणाल्या, राजा श्वास घेतोय. एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं होतं. दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं की सगळ्याच बाहुल्यांनी श्वास घ्यायचा. माझा प्रधान म्हणे मेल्यासारखा दिसतो (दगडासारखा स्थिर हात म्हणून आजवर झालेल्या कौतुकाचं हे फळ). त्यामुळे हल्ली रोज सकाळी बाबा मला थरथरायला शिकवतात. "मनगटातून नको, आतून," म्हणतात. आतून म्हणजे कुठून, असं विचारलं तर म्हणाले, "घाई करू नकोस, येईल."

हसू नकोस. आपण बाईंना फसवतोय का, हा विचार मला सोडत नाही. पण तो हात खरंच थरथरतो आणि भिंतीवरचा राजाही खरंच जिवंत वाटतो. यात खोटं नेमकं कुठलं, ते मला सापडत नाही. आई गेल्यापासून बाबांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण आता लिहितो. तू पाठवलेल्या नव्या गोळ्यांनी गुण आला, आणि तीच पंचाईत झाली. गोळी घेतली की हात शांत होतो आणि राजा पुन्हा चामड्याचा होतो. म्हणून बाबांनी गोळ्या बंद केल्या आहेत. सदऱ्याची बटणं मी लावतो, चहाचा कप मी धरतो. परवा जिन्यात त्यांचा तोल गेला. मला भीती वाटते गं. माझं ऐकत नाहीत, तू येऊन रागाव.

आणखी एक ता. क. पत्र बाबांनी वाचलं. फाडतील असं वाटलं होतं. चष्मा पुसून त्यांनी ते पुन्हा वाचलं. आता विचारताहेत, सकाळी घेतली तर संध्याकाळच्या प्रयोगापर्यंत असर उतरेल, अशी एखादी गोळी असते का.