पंखा, प्रोसेसर आणि जावई

तीर्थरूप आईंना जावयाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरूनच). तुमचे गुडघे काय म्हणतात? बाबांचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत आणि मुख्य म्हणजे लॅपटॉप गार आहे! ही बातमी फोनवर दोन वाक्यांत संपली असती, पण एवढा पराक्रम दोन वाक्यांत संपवायला मन घेईना, म्हणून हे पत्र.

कॉलेजातून निवृत्त होताना तुम्ही तुमचा लॅपटॉप लिनक्स घालून मला दिलात, तेव्हापासून मी त्यावरच पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (शेजाऱ्यांना वाटतं, मी कपड्यांच्या कपाटात बसून एकटाच बडबडतो. ते खरंच आहे. तिथे आवाज घुमत नाही.) सध्याची कादंबरी फार करुण. नायिकेचा म्हातारा बाप अखेरच्या घटका मोजतोय, मी आवाज अगदी तळाला नेलाय, आणि नेमका तेव्हाच पंखा असा घरघरायला लागला, की ऐकणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याला न्यायला हेलिकॉप्टर आलंय. प्रकाशकबाईंनी तो भाग परत पाठवला आणि शुक्रवारपर्यंत स्वच्छ आवाज आला नाही तर पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल, असं फार गोड शब्दांत कळवलं.

मग मी इरेला पेटलो. पंखा ताब्यात ठेवणारा प्रोग्रॅम टाकला आणि सेटिंगच्या फाइलीत लिहिलं, की तापमान साठच्या वर जाईपर्यंत पंख्याने तोंड उघडायचं नाही. काय ती शांतता! म्हातारा सुखाने मरू लागला. पण अर्धवट मेला असतानाच पडदा काळा. हात लावला तर चटका. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. आणि तापमानाचा आकडा मात्र ढिम्म, चाळीसवरच. तुमच्या लेकीने लॅपटॉपखाली बर्फाचा ट्रे ठेवून पाहिला (टेबल पुसणं माझ्या वाट्याला आलं). शेवटी तुम्हाला फोन लावला. तुम्ही माझं सगळं पुराण ऐकून घेतलंत, माझ्या अकलेची यथास्थित पूजा बांधलीत आणि विचारलंत, "जावईबापू, तो आकडा प्रोसेसरचाच आहे, हे बघितलंत का?" आणि फोन ठेवून दिलात.

नव्हता हो! मशीन दर वेळी सुरू होताना ताप मोजणाऱ्या सेन्सरांचे क्रमांक बदलत होते, आणि माझी फाइल जुन्या क्रमांकावर विसंबून वायफायच्या कार्डाचा ताप बघत बसली होती. म्हणजे फणफणलाय एक आणि थर्मामीटर भलत्याच्याच काखेत. मी क्रमांक खोडून सेन्सरचं नाव लिहिलं, पंख्याला हळूहळू वेग घ्यायला शिकवलं, झाकण उघडून जाळीतली धुळीची गोधडी काढली, आणि काय सांगू आई, आता पंखा नुसता कुजबुजतो! म्हातारा एका दमात गेला. तुमची लेक रडली, मीही रडलो, आणि पुस्तक माझ्याकडेच राहिलं.

लोभ आहेच, तो तापू न देता वाढवावा.

तुमचा जावई

ता. क. पुस्तक राहिलं ते पंख्यामुळे नाही. तुमचा फोन स्पीकरवर होता, चाचणीचं रेकॉर्डिंग चालू होतं, आणि घाईत मी ते सगळंच पाठवून दिलं. प्रकाशकबाई कादंबरीतल्या न्यायाधीशबाईंसाठी कधीपासून असाच आवाज शोधत होत्या. तेवढा भाग तुम्ही वाचणार असाल तरच पुस्तक माझं, असं त्यांनी कळवलंय. मी तुमच्या वतीने हो म्हणून बसलोय.

आणखी एक ता. क. रागवायचं असेल तर कृपया पत्राने नको, फोनवरच रागवा. मायक्रोफोन चालू ठेवतो.