ज्यांच्या धंद्याला शटर नाही

३ फेब्रुवारी

मदत निधीचं विधेयक आलं एकदाचं सभागृहात! साथीत बुडालेल्या धंद्यांसाठी. मी खाली लघुलेखकांच्या टेबलाशी – हात चालू, कान टवकारलेले. मदत कुणाला? 'नोंदणीकृत दुकानांना.' झालं! दादाच्या बँडला कुठलं आलंय दुकान?

जेवताना सांगितलं, तर म्हणतो, "सोड गं. माझ्यात तरी कुठे दम उरलाय वाजवायला?" साथीने छाती पार पोकळ केलीये त्याची.

वहिनी उठली. त्याचं ट्रम्पेट घेऊन गच्चीवर गेली. रोज तेल देते, फुंकून बघते – नाहीतर झडपा जाम होतात म्हणे. मागे खालच्या काकूंनी विचारलं होतं, "म्हैस पाळलीत का?" हल्ली विचारत नाहीत. सवय झाली असेल.

५ फेब्रुवारी

मौनीबाबा बोलले!! हे सदस्य निवडून आल्यापासून त्यांचं एक अक्षर मी टिपलेलं नाही. आज उठले – "ज्यांच्या धंद्याला शटर नाही, ते काय हवा खाऊन जगतात?" आणि दुरुस्ती मांडून खाली बसले. घाईघाईत माझी पेन्सिलच मोडली.

९ फेब्रुवारी

आवाजी मतदान, आणि सगळ्यांच्या तोंडाला मास्क! 'होय' म्हणजे गुं-गुं, 'नाही' म्हणजेही गुं-गुं. अध्यक्ष वैतागले – "उभे राहा बघू सरळ!" डोकी मोजली. दुरुस्ती मंजूर! आम्हाला टाळ्या वाजवायची बंदी. टेबलाखाली पाय नाचवले.

पण मंत्र्यांनी शेपूट जोडलंच. धंदा पुन्हा सुरू झालाय, हे अधिकाऱ्याला प्रत्यक्ष दाखवायचं. म्हणजे दादाला वाजवावं लागणार.

१० फेब्रुवारी

दादा अर्ज करायला तयार नाही. वहिनीने करून टाकला. धन्य आहे बाई!

१ मार्च

उद्या अधिकारी येणार. मी अर्जाची प्रत चारदा वाचली, आणि वहिनी निवांत भाजी निवडतेय. हिला काही काळजी म्हणून नाही!

२ मार्च

झाडून सगळी गल्ली खिडक्यांत. दादाने ट्रम्पेट ओठांना लावलं. दोन-तीन सूर – आणि खोकल्याची उबळ. संपलं सगळं, म्हटलं.

वहिनीने त्याच्या हातातून ट्रम्पेट घेतलं. सूर तुटला होता तिथूनच उचलला, आणि अख्खं गाणं वाजवलं! अख्खं!! काकू खालून ओरडल्या, "अजून एक!"

अधिकाऱ्याने विचारलं, "मग धंदा कुणाच्या नावावर लिहू?"

दादा रडत होता की हसत होता, देव जाणे. म्हणाला, "हिच्या. मी झांजा धरतो."