तुझ्या फोटोच्या आड

प्रिय दत्ता,

तू गेल्याला दुसरं वर्ष सरत आलं आणि मी तुला एक ओळही लिहिली नाही. शाळेत तुझ्या शेजारी बसून वह्याच्या वह्या कवितांनी भरणारा मी. तूच माझं नाव ‘कवी’ पाडलंस. तेव्हा शब्द सुचले नाहीत असं म्हणायची सोय नाही. लिहायला बसलो की खरं लिहावं लागेल, म्हणून टाळत आलो.

पण परवाच्या रविवारी मुलुंडच्या मेळाव्यात तुझ्या तोंडाचा पडदा केला रे. आणि तो फोटो मी दिला होता. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. किळस येते, आणि नक्की कोणाची ते ठरत नाही. म्हणून आज लिहितोय.

मेळावा आपल्याच गटाचा. कॅन्सरचे पेशंट, त्यांच्या घरची माणसं, आपल्यासारखे स्वयंसेवक. हॉलही तोच, पूर्वेचा, जिथे मिठागरांकडून खारट वारा येतो. तू होतास तेव्हा सगळ्यांच्या आधी येऊन टेबलं लावायचास. एकच लांब रांग. तोंडाचं ऑपरेशन झालेली माणसं मधोमध, बाकीचे त्यांच्या समोर आणि शेजारी. कोणी ताट घेऊन कोपऱ्यात गेला की तू जाऊन त्याचं ताटच उचलून आणायचास. माणूस मुकाट मागून यायचा.

तोंडाच्या ऑपरेशननंतर तुला बोलता येत नव्हतं. नातीची पाटी दोरीने गळ्यात अडकवलेली असायची. नवीन माणूस दिसला की ती त्याच्यापुढे धरायचास: ‘लाज सोड, जेवण सोडू नको.’ मग स्वतः त्याच्यासमोर पेज घेऊन बसायचास. चमचा चांगल्या बाजूने कसा घालायचा, हनुवटी कशी वर धरायची, खांद्यावरच्या टॉवेलने कसं टिपायचं, सगळं करून दाखवायचास.

आणि मी काय करायचो? दारातल्या टेबलावर नावं लिहून घ्यायचो. सुरुवातीला माइकवर शाळेतली एखादी कविता म्हणायचो. ताटं मांडली की माझ्या घरी हमखास पाहुणे यायचे, आणि मी निघायचो.

आता गटाचं काम शिल्पा बघते. पस्तिशीची असेल, नोकरी सांभाळून राबते. तिला वाईट म्हणवत नाही, तीच तर अडचण आहे. महिन्यापूर्वी तिचा फोन आला.

“काका, दत्ताकाकांचा एक छान फोटो पाठवा ना. बॅनरवर मोठा टाकायचाय.”

“कुठला पाठवू?”

“छान दिसतील असा. आधीचा.”

माझ्याकडे दोन होते. एक मढच्या सहलीतला. किनाऱ्यावर तू, शर्टाची बटणं उघडी, खिशातून तंबाखूची डबी डोकावतेय आणि तू बत्तीशी काढून हसतोयस. दुसरा वहिनींनी याच हॉलमध्ये काढलेला. अर्धा जबडा नाही, गाल आत ओढलेला, गळ्यात पाटी, टॉवेलवर पेजेचे डाग, आणि चमचा धरलेला हात समोरच्या माणसाला काहीतरी समजावतोय. मी मढचा पाठवला. क्षणभरही थांबलो नाही.

रविवारी हॉलमध्ये शिरलो तर छताला टेकेल एवढा फ्लेक्स. ‘हसत लढू, हसत जिंकू.’ आणि त्याखाली माझ्यापेक्षा उंच तू, ज्या तोंडाला शेवटची दोन वर्षं हसता आलं नाही त्याच तोंडाने हसणारा. मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट बरं वाटलं. नावं लिहिता लिहिता सारखी मान वळवून तुझ्याकडे बघत होतो. डोक्यात आपला चौथीचा वर्ग. गुरुजी टेबलावर ताल धरतायत, आपण बाकावर झुलत एका सुरात म्हणतोय, आणि कडवं संपून सगळे थांबले तरी तुझा आवाज एक शब्द पुढे गेलेला. गुरुजी म्हणायचे, “दत्तू, कविता संपली, आता उतर खाली.”

जेवणाची वेळ झाली. मी नेहमीप्रमाणे चपला शोधत होतो. तेवढ्यात दिसलं, एकेकाला हळूच उठवून फ्लेक्सच्या मागे नेतायत. “मावशी, तुमची सोय आत केलीय.” “काका, तुम्ही इकडून या.” कोणाकोणाला नेलं ते बघितलं मी. सगळी तोंडाची ऑपरेशनं झालेली माणसं.

बाहेर गोल टेबलं, त्यांवर फुलं, कॅमेरावाला. आणि फ्लेक्सच्या मागे, जादा खुर्च्या रचून ठेवतात त्या बोळात, पाच माणसं भिंतीकडे तोंड करून बसवलेली. हॉलमधल्या उजेडाने फ्लेक्समधून तुझा चेहरा उलटा दिसत होता.

दत्ता, ज्या माणसाने सगळ्यांना एका रांगेत बसवलं, त्याच्याच हसण्याच्या आड ही माणसं लपवली. ओकारी आली मला. मी शिल्पाला गाठलं.

“हे काय आहे?”

“काका, त्यांनाच अवघडल्यासारखं होतं ना. जरा प्रायव्हसी.”

“त्यांनी मागितली?”

“मागतील कसं? आणि खरं सांगू का, बाकीच्यांना जेवण जात नाही. नवीन लोक घाबरतात. तुम्हाला तर माहितीये. तुम्ही पण कुठे थांबता कधी जेवायला?”

टोमणा नव्हता रे. सरळ मनाने बोलली. म्हणूनच वर्मी बसलं.

तुला आठवतंय? नसेल आठवत असं कसं म्हणू. ऑपरेशननंतर भांडुपच्या तुझ्या चढावरच्या खोलीत मी पहिल्यांदा आलो होतो. वहिनींनी दोन ताटं वाढली. माझ्यात सुरमई, तुझ्यात मऊ घोटलेला भात. तू पहिला चमचा तोंडात घातलास. अर्धा परत आला, हनुवटीवरून ओघळत पाटीवर पडला. मी खुर्ची खिडकीकडे वळवली. डोंगरावर ऊन कसं उतरलंय ते तुला सांगत बसलो. एक कवितासुद्धा म्हटली. तू पाटी पुसलीस, लिहिलंस आणि माझ्या नाकासमोर धरलीस: ‘कवी, तू बाहेर बघायला लागलास की समोर काहीतरी ओंगळ असतं.’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘बस ना समोर.’

मी म्हटलं, “पोट भरलं रे.”

सुरमईला हातही लागला नव्हता. वहिनींनी ताट उचललं.

त्यानंतर तू कधी म्हणाला नाहीस. का रे? एखादी शिवी तरी द्यायची होतीस. पाटीवर मावली असती.

रविवारी मी चपला सोडून ताट घेतलं आणि त्या बोळात गेलो. तिथे तावडे म्हणून एक जण होते, तुझ्याच भांडुपचे. दीड महिन्यापूर्वी ऑपरेशन झालेलं, मेळाव्याला पहिल्यांदाच आलेले. समोर वाटीत वरणभात कालवलेला, चमचा कोरडा. शेजारी बायको.

“बसा मा. उभे कित्याक?” ती म्हणाली.

“जेवत नाहीत का?”

“घरात पण दार लावन् जेवतत. माका पण बघूक देणत नाय. मी म्हटलंय, थंय सगळे आपल्यासारखेच आसतले, चला. तर हंय पण भिंतीकडेच बसयल्यानी.” मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “आता परत येवचे नाय हे.”

मी त्यांची खुर्ची वळवली, स्टूल मध्ये ओढलं आणि समोर बसलो. घास घेतला. तावडे बघत राहिले. दुसरा घेतला. मग त्यांनी चमचा उचलला.

किळस आली. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. ती लाळ, तो आवाज, तोंडातून परत येणारं वरण. नजर आपोआप वर गेली, तुझ्या त्या देखण्या उलट्या चेहऱ्याकडे. वर्ग, बाक, गुरुजींचा ताल, सगळं माझी वाट बघत तयार होतं. तेव्हा कळलं मी मढचा फोटो का निवडला. शिल्पाने बोळात माणसं बसवली ती एका रविवारी. मी तुला दोन वर्षं तिथेच बसवलं होतं.

नजर खाली आणली. “हनुवटी वर घ्या,” म्हटलं, “आणि चमचा डाव्या बाजूने.” तुझंच, दारातून लांबून बघितलेलं.

चौथ्या-पाचव्या चमच्याला तावडे थांबले. माझ्याकडे बोट दाखवलं आणि स्वतःचा टॉवेल पुढे केला. मला काही उमगेना. बायको हसायला लागली. “तुमच्या हनुवटीक वरण लागलासा.”

त्यांच्याच टॉवेलने पुसलं मी.

मग उठून फ्लेक्सची सुतळी सोडली. एका बाजूची सुटली. दुसरीकडची गाठ माझ्या बोटांना जमेना. तू अर्धा लोंबत राहिलास, हसू दुमडलेलं. बाहेरच्यांना आम्ही दिसलो. दोघी-तिघींनी माना फिरवल्या, एकाने ताट बाजूला सारलं. शिल्पा धावत आली. “काका, फोटो चालू आहेत.”

“घ्या ना. आम्ही जेवतोय.”

ती तिथेच उभी राहिली. परत बांधायला तिने हात उचलला नाही, एवढं मात्र सांगायला हवं. तावड्यांची अर्धी वाटी संपली. निघताना त्यांच्या बायकोने पुढचा मेळावा कधी आहे ते विचारून घेतलं.

तू लगेच पाटीवर शाबासकी लिहू नकोस. तुझ्यासमोर जे जमलं नाही ते एका अनोळखी माणसासमोर जमलं. यात कसली शाबासकी? वहिनींच्या हातची ती सुरमई आता कुठून आणू?

काल शिल्पाला दुसरा फोटो पाठवला, पाटीचा आणि डागांचा. खाली लिहिलं, ‘यापुढे दत्ताचा फोटो हाच.’ अजून उत्तर आलेलं नाही. लावला नाही तर मी छापून छातीला लावून येईन. दारातलं टेबल आता दुसऱ्या कोणी सांभाळावं. टेबलांची लांब रांग मी लावेन, तू लावायचास तशी. मधली खुर्ची तुझी होती, ती नव्या माणसाची. मी तिच्या समोरच्या खुर्चीत बसेन, जिथे तू मला बस म्हणाला होतास, आणि ताट रिकामं होईपर्यंत खिडकीकडे बघणार नाही.

समोर बसलेला,
तुझा कवी