चौथा भिडू

मंगळवार, संध्याकाळ

आज अखेर इंटरनेट बसलं. कॉम्प्युटर यांच्या टेबलावर ठेवलाय. वृंदा खराडीहून येऊन सगळं जोडून गेली. आता रोज ऑनलाइन मेंढीकोट खेळायचं म्हणते. तिकडून ती आणि जावई, इकडून मी. माझा भिडू म्हणून चौथा कॉम्प्युटरच.

ती जागा यांची. हातात एक्का असला की हे हळूच खोकायचे, मग मी निर्धास्त दश्शी टाकायची. वृंदा म्हणायची, "बाबा, खोकल्याचं औषध आणू का?" तरी खोकायचेच.

आज पहिल्याच डावात माझ्याकडे बदामाची दश्शी आली. टाकू की ठेवू? मी थांबून राहिले. कशासाठी थांबलेय, ते माझं मलाच उशिरा कळलं. तो खोकला आता कुठून येणार?

"आई, तुझी पाळी आहे गं," स्पीकरमधून वृंदा म्हणाली. "कुणाची वाट बघतेस?"

"नेट अडकलंय बहुतेक."

"आजच तर बसवलंय," जावई म्हणाले.

"अडकतं कधीकधी," वृंदा त्यांना म्हणाली. " थांबू आपण."