तापल्यावर मावणारा वायू

अण्णा, तुमचं एक वाक्य खोटं ठरलं आहे, आणि आठ दिवस झाले, मी ते लपवून ठेवलं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. लातूरला ट्यूशनच्या गल्लीत तुमचा गोळी सोड्याचा गाडा. एकदा मी उन्हानं तापलेल्या टाकीतलं पाणी बाटल्यांत भरलं आणि सोड्याला फेसच येईना. क्लासची पोरं हसली, "काका, ग्यास सुट्टीवर गेला का?" तुम्ही सगळ्या बाटल्या त्यांच्यासमोर माझ्याच हातानं ओतायला लावल्या. "ऊन पाण्यात ग्यास ऱ्हात न्हाई, बाई. थंडच पाहिजे. ध्यानात ठिव." ठेवलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी त्या वाक्यावरच झाले, असं वाटतं.

भूकंपानंतर त्याच बाटल्यांत साधं पाणी भरून तुम्ही पडलेल्या गावांकडे गेला होतात. परत आल्यावर गोळी आत ढकलली की होणाऱ्या आवाजाला दचकायचात. विचारलं तर म्हणायचात, "काय न्हाई. खालून कुनी हाक मारल्यावानी वाटतंय." आता नांदेडच्या लॅबमध्ये वायूची झडप उघडताना मी दचकते. माझ्या गाईड सरांना वाटतं, मी हायड्रोजनला भिते.

इथं माझं काम आयनिक द्रवांवर आहे. पाण्यासारखं वाहणारं मीठच ते. त्यात उत्प्रेरक असतो, पण हायड्रोजन त्या द्रवात विरघळला तरच त्याच्यापर्यंत पोचतो. बंद स्टीलच्या भांड्यात वायू सोडायचा, दाब किती उतरतो ते बघायचं. जितका उतरला तितका वायू द्रवात गेला. मी तापवत गेले तसा तो जास्तच मावायला लागला. हे होणंच शक्य नाही, कुठंतरी गळतंय, असं ठरवून मी गरम बाजूचे चार आकडे गाळले. उरलेल्यांतून उतरती रेघ कशीबशी निघाली. सर खूश. "किती स्वच्छ ग्राफ आलाय! सोमवारी पेपर पाठवू."

मग मी साबणाचं पाणी लावून एकेक सांधा तपासला. कुठंच बुडबुडा नाही. पुन्हा मोजलं, तेच चार आकडे. काही द्रवांत हायड्रोजन असाच वागतो, अण्णा. गळत काहीच नव्हतं. मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता, मोजमापावर नाही.

उद्या सोमवार. सांगितलं तर पेपर थांबेल, सरांचा विश्वासही जाईल कदाचित. नाही सांगितलं तर माझ्या नावानं खोटी रेघ छापली जाईल.

खरं सांगते, हा कागद मी सरांना लिहायला घेतला होता. "सर" खोडून "अण्णा" लिहिलं, कारण तुम्ही काही विचारणार नाही.